महाराष्ट्रातली महानगरं: ठाणे चौथं, पहिलं की यादीतच नाही?

प्रश्न असा आहे. कराडला कांदा-लसूण मसाल्याचा कारखाना चालवणाऱ्या एका उद्योजकाला राज्यातल्या पहिल्या सहा महानगरांत वितरक नेमायचे आहेत. लोकसंख्येची क्रमवारी शोधायला गेले, तर तीन याद्या हाती आल्या. एकीत ठाणे चौथं. दुसरीत ठाण्याचं नावच नाही, उलट पाचव्या क्रमांकावर वसई-विरार. तिसरीत तर ठाणे मुंबई-पुण्याच्याही वर, पहिलं. त्यांनी विचारलंय, ‘यातली खरी यादी कोणती? आणि यंदाची ताजी कुठे मिळेल?’

तिन्ही याद्या खऱ्या आहेत आणि तिन्हींतले आकडे एकाच, २०११च्या जनगणनेतले आहेत. पहिली यादी महानगरपालिकांची, दुसरी नागरी समूहांची, म्हणजे शहर आणि त्याला चिकटलेली नगरं एकत्र धरून, आणि तिसरी जिल्ह्यांची आहे. म्हणजे अडचण आकड्यांची नाही. ‘ठाणे’ म्हणताना रेघ कुठून कुठपर्यंत ओढली, हा खरा प्रश्न आहे. नगररचना आणि पाणीपुरवठ्याच्या योजनांसाठी लोकसंख्येचे अंदाज बांधण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. या काळात आकडा चुकल्यामुळे झालेला घोळ मी क्वचित पाहिला. हद्द चुकल्यामुळे झालेला मात्र दर दोन-तीन वर्षांनी पाहिला.

आधी तिसरी यादी बाजूला ठेवू. २०११ साली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार होती आणि तो देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. पण त्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचे पाडे होते, डहाणू-तलासरी होतं, वसई होती. हे सगळं १ ऑगस्ट २०१४ला वेगळ्या पालघर जिल्ह्यात गेलं. जिल्ह्याच्या आकड्यावरून शहर मोजणं तुमच्या कामाचं नाही.

उरल्या दोन. महापालिकांची यादी धरली, तर २०११मध्ये बृहन्मुंबई १ कोटी २४ लाख, पुणे ३१ लाख २४ हजार, नागपूर २४ लाख ६ हजार आणि चौथं ठाणे, १८ लाख ४१ हजार. मग पिंपरी-चिंचवड १७ लाख २८ हजार, नाशिक १४ लाख ८६ हजार, कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांना जराशी कमी, वसई-विरार १२ लाख २२ हजार, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) पावणेबारा लाख आणि नवी मुंबई ११ लाख २१ हजार. दहा लाखांच्या वरच्या दहा महापालिका.

नागरी समूहांची यादी धरली, तर दहाच्या सहा होतात. मुंबई १ कोटी ८३ लाख ९५ हजार, पुणे ५० लाख ५८ हजार, नागपूर २४ लाख ९८ हजार, नाशिक १५ लाख ६२ हजार, वसई-विरार १२ लाख २२ हजार आणि छावणी धरून औरंगाबाद ११ लाख ९३ हजार. सातवं सोलापूर ९ लाख ५२ हजारांवर थांबतं. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई ही नावं मुंबईच्या पोटात गेली आणि पिंपरी-चिंचवड पुण्याच्या.

‘महानगरांची क्रमवारी’ विचारलीत, तर मी ही दुसरी यादी देईन. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीतही महानगर क्षेत्र म्हणजे दहा लाख किंवा त्याहून जास्त वस्तीचं, एकाहून अधिक नगरपालिका-पंचायती मिळून झालेलं आणि राज्यपालांनी अधिसूचनेने ठरवलेलं क्षेत्र. म्हणजे तिथेही एका पालिकेपलीकडचा विचार आहे. जनगणनेचा नागरी समूह, म्हणजे अर्बन ॲग्लोमरेशन, कचेरीत आम्ही नुसतं ‘यूए’ म्हणायचो. त्याचा नियम साधा आहे: एकमेकांना प्रत्यक्ष चिकटलेली नगरं आणि त्यांच्या कडेने वाढलेली वस्ती एकत्र धरायची. त्यातलं किमान एक तरी कायद्याने घोषित नगर हवं, आणि एकूण वस्ती वीस हजारांच्या खाली नको. सगळी भिस्त ‘चिकटलेली’ या शब्दावर आहे.

तो शब्द जमिनीवर कसा दिसतो, ते सांगतो. फेब्रुवारी २०११च्या गणनेत मी पर्यवेक्षक होतो. माझ्याकडच्या एका प्रगणन गटाची कड शहराच्या हद्दीवर होती. नजरी नकाशात ती एका ओढ्याच्या रेघेने दाखवली होती. प्रत्यक्षात ओढा पाइपात घालून वर सिमेंटचा रस्ता झाला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच चार मजली इमारती. डावीकडची महापालिकेत, उजवीकडची ग्रामपंचायतीत. उजवीकडच्या एका घरात आमच्या प्रगणक बाईंनी ‘गावाचं नाव’ विचारलं, तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, ‘गाव कसलं बाई, आम्ही शहरातच राहतो. पाणी टँकरचं येतं एवढंच.’ महापालिकेच्या यादीत त्या आजी धरल्या गेल्या नाहीत. समूहाच्या यादीत धरल्या गेल्या, कारण त्यांच्या गावाला जनगणनेने आधीच ‘जनगणना नगर’ ठरवलं होतं. त्याच्या अटी तीन: वस्ती पाच हजारांच्या पुढे, घनता चौरस किलोमीटरला किमान चारशे आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेर. ग्रामपंचायत कायम असली, तरी गणनेच्या दृष्टीने ते नगरच.

म्हणून शहर किती मोठं आहे हे कळायला यूए बरा. मुंबईचंच बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत बृहन्मुंबई महापालिकेची वस्ती १ कोटी १९ लाख ७८ हजारांवरून १ कोटी २४ लाख ४२ हजारांवर गेली, म्हणजे चार टक्केही वाढ नाही. त्यातला शहर जिल्हा तर कमी झाला, ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर. गिरणगावातून आणि दादर-गिरगावातून निघालेली माणसं कुठे गेली हे महापालिकेचा आकडा सांगत नाही. पण याच काळात ठाणे साडेबारा लाखांवरून साडेअठरा लाखांजवळ आलं आणि नवी मुंबई सात लाखांवरून अकरा लाखांपुढे गेली. समूहाची बेरीज साधारण बारा टक्क्यांनी वाढली. मुंबई थांबली नव्हती, खाडी ओलांडून वाढत होती. एकेकाळी तर हद्दच तिच्या मागे धावायची. १९५०मध्ये ती जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली आणि १९५७मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. त्यानंतर शहर पुढे गेलं आणि रेघ तिथेच राहिली. पुढच्या वस्तीला मग स्वतःच्या महापालिका मिळाल्या.

पुण्याचंही तसंच. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या चार गावांची नगरपालिका १९७०ला झाली आणि १९८२ला महापालिका. दापोडीचा पूल ओलांडताना आज कुणाला शहर बदलल्यासारखं वाटत नाही. दोन्ही महापालिका मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख होतात, आणि कँटोन्मेंट व लगतची गावं धरली की पन्नास लाख ओलांडतात.

पण यूएवरही डोळे झाकून विसंबू नका. तुमच्या कामासाठी तर नाहीच.

भिवंडी घ्या. भिवंडीचा नागरी समूह जनगणनेने वेगळा धरलाय, ७ लाख ३७ हजारांचा. मुंबईच्या १ कोटी ८४ लाखांत तो नाही, वसई-विरारही नाही. पण मुंबईत विकला जाणारा किती माल आधी भिवंडीच्या गोदामांत उतरतो हे तुमच्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात भिवंडीही आहे आणि वसई-विरारही. हे प्राधिकरण १९७५पासून आहे. त्यांचा प्रदेश नियोजनासाठी आखलेला असल्यामुळे त्यात भातशेतीची गावंही येतात, म्हणून लोकसंख्येच्या क्रमवारीला मी तो वापरत नाही. मात्र नुसत्या तीन समूहांची, म्हणजे मुंबई, वसई-विरार आणि भिवंडीची बेरीज केली, तर २ कोटी ३ लाख ५५ हजार होतात. विक्रीच्या दृष्टीने मुंबईचा खरा आकडा याच्या जवळचा.

वसई-विरारची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे, कारण पाचवा क्रमांक पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. २००१च्या जनगणनेत त्या नावाचं शहरच नव्हतं. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपरिषदा होत्या, चौघींची बेरीज ४ लाख ७० हजार. जुलै २००९मध्ये त्या चार आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली आणि दीड-पावणेदोन वर्षांत गणना आली. त्यामुळे शून्यातून थेट पाचवा क्रमांक. खरी वाढ मोठी होतीच, नालासोपारा-विरारची सकाळची लोकल पाहिलेल्याला ते सांगायला नको. पण ४ लाख ७० हजारांवरून १२ लाख २२ हजारांवर झालेल्या उडीत गावं जोडल्याचाही वाटा आहे.

आता याच आकड्यांवरून कुणी ‘दहा वर्षांत दोन पूर्णांक सहा पट’ असा दर काढून पुढे लावला, तर २०२१साठी वसई-विरार पावणेबत्तीस लाखांवर जातं, म्हणजे पुणे महापालिकेच्या २०११च्या आकड्यापेक्षाही पुढे. हे खरं असणं शक्य नाही. तुमचा ‘ताजी यादी कुठे’ हा प्रश्न इथे येतो. इंटरनेटवर चालू वर्षाचे जे आकडे शेवटच्या अंकापर्यंत छापलेले दिसतात, ते मोजलेले नाहीत. २०११नंतर आपल्याकडे डोकी मोजलीच गेली नाहीत. २०२१ची गणना झाली नाही. जून २०२५मध्ये अधिसूचना निघाली, तीत १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला. २०२०मध्ये केंद्राच्या तज्ज्ञगटाने २०३६पर्यंतचे अंदाज दिले, पण ते राज्याचे, शहरी-ग्रामीण असे आहेत, एकेका शहराचे नाहीत. एखाद्या शहराचा २०२५चा आकडा कुणी दिला, तर त्याने तो कोणत्या हद्दीवर आणि कोणत्या दराने काढला हे विचारा. आम्ही पाणीयोजनेसाठी अंदाज काढायचो, तेव्हा एकाच शहराला तीन पद्धती लावायचो आणि तीन वेगळी उत्तरं यायची. कोणतं घ्यायचं हे शेवटी बांधकाम परवानग्या, नळजोड आणि मतदारयाद्या बघून ठरवायचं.

या बाबतीत निष्काळजीपणा किती महागात पडतो ते सांगतो. एका शहराच्या पाणीयोजनेचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. सल्लागाराने मागच्या गणनेचा आकडा समूहाचा घेतला होता आणि त्याच्या आधीच्या गणनेचा महापालिकेचा. दोन आकड्यांमध्ये जी वाढ दिसत होती, त्यातली बरीचशी निव्वळ हद्दीतल्या फरकाची होती. तोवर जलवाहिन्यांचे व्यास ठरले होते आणि टाक्यांच्या जागाही पाहून झाल्या होत्या. सगळं पुन्हा करावं लागलं आणि एक उन्हाळा हातचा गेला. हा फरक किती मोठा असतो हे नाशिकच्या आकड्यांवर बघा. समूह आणि महापालिका यांत ७५ हजार ७५६ माणसांचं अंतर आहे, कारण समूहात देवळाली कँटोन्मेंट, भगूर अशी वस्ती येते. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरांसाठीचा मापदंड लावला, तर रोजचं १ कोटी २ लाख लिटर पाणी होतं. माणसं खोटी नाहीत, पाणीही त्यांना लागतंच. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या नळातून जायचं.

छोट्या समूहांत तर या हद्दींमुळे सगळी उतरंड उलटते. नुसत्या महापालिका पाहिल्या, तर नांदेड-वाघाळा साडेपाच लाख, कोल्हापूर त्याच्या हजारभराने मागे, सांगली-मिरज-कुपवाड ५ लाख ३ हजार आणि मालेगाव ४ लाख ८१ हजार, चौघांत शेवटचं. समूह धरले, तर मालेगाव ५ लाख ७७ हजारांवर जाऊन चौघांत पहिलं येतं. शहराच्या कडेची गरीब, दाट वस्ती पालिकेबाहेर होती. जनगणनेने ती पाहिली, पालिकेच्या खात्यात ती नव्हती.

कोल्हापूरकर असाल किंवा नसाल, हद्दवाढीचा वाद तुम्हाला कराडमध्ये ऐकू येतच असेल. १९७२ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्द जवळजवळ जिथल्या तिथे आहे, ६६.८२ चौरस किलोमीटर. शहरालगतच्या गावांचा विरोध, मग मधला मार्ग म्हणून २०१७ला ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण. त्या गावांची भीती मला समजते, कर आधी येतो आणि नळ नंतर. पण त्यामुळे कोल्हापूर कागदावर जेवढं आहे, त्यापेक्षा प्रत्यक्षात मोठं आहे, आणि क्रमवारीत ते नेहमी खाली दिसत राहणार.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण केरळचं. २०११मध्ये देशात दहा लाखांवरचे ५३ समूह होते. त्यांपैकी महाराष्ट्रात सहा, आणि आपल्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लोकसंख्येच्या केरळात सात. त्यातला मलप्पुरम समूह सुमारे १७ लाखांचा, नाशिकपेक्षा मोठा. मलप्पुरम नगरपालिका मात्र ७० हजारांच्याही आतली. तिथे घरं सलग पसरलेली आहेत, गाव कुठे संपलं ते कळत नाही, आणि शेतीबाहेरचे कामकरी जास्त. त्यामुळे एकाला एक चिकटलेली जनगणना नगरं मिळून महानगर झालं. नियम दोन्हीकडे तोच. नुसत्या आकड्यावरून नाशिकपेक्षा मोठी बाजारपेठ समजून तिथे एकच दुकान उघडणारा माणूस फसेल.

एकूण, परीक्षेसाठी किंवा लेखासाठी क्रमवारी हवी असेल, तर मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार, छत्रपती संभाजीनगर हा क्रम बिनधास्त लिहा आणि शेजारी ‘नागरी समूह, २०११’ एवढं टाका. कोणत्या महापालिकेच्या खात्यात किती माणसं हे हवं असेल, तर महापालिकांची यादी, आणि तिच्यात ठाणे चौथं. २०२७चे आकडे आले, की या क्रमात बदल होतील. ते वाचताना लक्षात ठेवा, की २०११नंतर पुणे महापालिकेत आधी अकरा आणि २०२१मध्ये तेवीस गावं आली, क्षेत्र जवळपास दुप्पट झालं. कल्याण-डोंबिवलीत २०१५ला सत्तावीस गावं आली, त्यातल्या काहींचा वाद कोर्टापर्यंत गेला. २०१६ला पनवेल महापालिका झाली, २०२२ला इचलकरंजी. नव्या आकड्याची तुलना करायची, तर २०११ची बेरीज नव्या हद्दीवर पुन्हा मांडावी लागेल. ते करता येतं, गावनिहाय कोष्टकं उपलब्ध आहेत.

आता तुमचे सहा वितरक. मी तुमच्या जागी असतो, तर यादीतल्या सहा नावांना एकेक वितरक दिला नसता. मुंबई समूहाला एक माणूस पुरणार नाही. बोरिवलीचा वितरक डोंबिवलीला माल पोचवेल असं समजू नका. किमान पश्चिम उपनगरं व वसई-विरार, ठाणे-कल्याण आणि नवी मुंबई-पनवेल असे तीन भाग करा, गोदाम भिवंडीकडे बघा. पुण्यात नदीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन. नागपूरला नंतरच्या तुकडीत घ्या. आकड्याने ते तिसरं आहे, पण कराडहून अंतर मोठं आणि तिथल्या स्वयंपाकातला तिखटाचा मसाला वेगळा, तुमचा माल तिथे नव्याने रुजवावा लागेल.

आणि सगळ्यात आधी घराजवळ बघा. कोल्हापूर समूह ५ लाख ६२ हजार, सांगली ५ लाख १४ हजार, इचलकरंजी नगरपरिषद २०११मध्ये २ लाख ८७ हजार. मिळून १३ लाख ६३ हजार होतात, म्हणजे पाचव्या किंवा सहाव्या महानगरापेक्षा जास्त. मध्ये उसाची शेतं आहेत, म्हणून जनगणना यांना एक समूह मानत नाही आणि तिचं बरोबर आहे. पण तुमचा टेम्पो सकाळी कराडहून निघाला, तर तिन्हीकडे माल टाकून संध्याकाळी परत येतो, आणि कांदा-लसूण मसाला कशात घालायचा हे तिथल्या कुठल्याच घरात समजावून सांगावं लागत नाही.

तुमचा माल सध्या कोणत्या तालुक्यांत जातो ते कळवा. या पट्ट्याचं २०११चं गाववार कोष्टक माझ्याकडे तयार आहे. हातकणंगले, शिरोळ, करवीर आणि मिरज तालुक्यांतली पाच हजारांवरची गावं वेगळी काढून रस्त्यानुसार बेरीज लावून देतो.